अर्धा इंची इतिहास

डोंबिवलीच्या आमच्या जुन्या घरात (आई-बाबा अजून तिथेच राहतात, मी ठाण्याला) मागच्या पावसाळ्यात बाथरूमच्या छताला ओल आली. डोंबिवलीत पावसाळ्यात ओल येणं ही काही बातमी नव्हे. 'गणपतीनंतर वाळेल' म्हणून सोडून दिलं. गणपती गेले, दिवाळी झाली, स्वेटर बाहेर निघाले, तरी डाग वाळायचं नाव घेईना. बशीएवढा होता तो परातीएवढा झाला.

आमच्या डोक्यावर एक काकू राहतात. साहजिकच संशय त्यांच्यावर. बाबा वर जाऊन आले. काकू म्हणाल्या, "भाऊ, माझं बाथरूम ठणठणीत कोरडं आहे, आत येऊन बघा." बाबांनी बघितलं तर खरंच कोरडं. मग सोसायटीला पत्र, सोसायटीचं उत्तर, पुन्हा पत्र. ज्या दोन घरांमध्ये चाळीस वर्षं फराळाची ताटं वरखाली झाली, त्या घरांतली माणसं जिन्यात समोरासमोर आली की आपापल्या चपलांकडे बघायला लागली. आई म्हणाली, "आता तू काहीतरी कर. दिवसभर कॉम्प्युटरमधल्या चुका शोधतोस ना, मग ही शोध."

म्हटलं ठीक. एका शनिवारी प्लंबर घेऊन गेलो. मूळचा ओडिशाचा, पट्टामुंडाईकडचा. हे गाव केंद्रापाडा जिल्ह्यात आहे. देशातल्या कुठल्याही मोठ्या शहरात प्लंबर बोलवा, तो त्या भागातला निघण्याची शक्यता भरपूर. इंग्रजांच्या काळात तिथली माणसं कोलकात्याला जाऊन हे काम शिकली, मग काकाने पुतण्याला नेलं, मेव्हण्याने मेव्हण्याला, आणि आता पट्टामुंडाईला सरकारची प्लंबिंग शिकवणारी खास संस्थाच आहे. तर या गृहस्थाने भिंतीवर हातोडा घालायच्या आधी जे केलं ते आमच्या टीममधल्या निम्म्या पोरांना शिकवावं असं होतं.

पहिल्या दिवशी त्याने कपड्यांना घालायची नीळ मागितली. बादलीभर निळं पाणी काकूंच्या बाथरूममध्ये मोरीच्या जाळीत ओतलं. दोन दिवस वाट बघितली. खाली निळा थेंब आला असता तर दोष सांडपाण्याच्या पाइपात. आला नाही. म्हणजे गळत होतं ते चांगलं पाणी. मग गच्चीवर जाऊन टाकीखालचे वॉल एकेक करून एकेक रात्र बंद ठेवले. काकूंचा वॉल बंद केला, डाग ओलाच. आमचा बंद केला... आणि सकाळी छताचं टपटपणं थांबलेलं!

बाबा काही बोलले नाहीत. प्लंबर म्हणाला, "काका, ये तो आपकाही पाइप है."

झालं होतं असं. गच्चीवरच्या टाकीतून आमच्या घरी उतरणारी लाइन काकूंच्या बाथरूमच्या भिंतीतून खाली येते. भिंत त्यांची, पाइप आमचा. पन्नास वर्षांत हे कुणाच्या लक्षात नव्हतं. बाबांच्या फायलीत इमारतीचा मंजूर नकाशा आहे, त्यात खोल्या आहेत, खिडक्या आहेत, जिना आहे. भिंतीतला एकही पाइप नाही. बांधताना ज्यांनी पाइप घातले त्यांच्या डोक्यात तो नकाशा होता आणि ती माणसं कधीच निघून गेली. आमच्या धंद्यात याला 'डॉक्युमेंटेशन नसलेला लेगसी कोड' म्हणतात. चालतोय तोवर कुणी हात लावत नाही.

काकूंच्या परवानगीने त्यांची भिंत फोडली. एल्बोजवळ गळत होतं. कापून काढलेला पाइपचा तुकडा प्लंबरने माझ्या हातात दिला. अर्धा इंची जीआय पाइप, बाहेरून बरा दिसणारा. आत डोकावलं तर गंजाच्या गुठळ्या साठून साठून भोक पेन्सिल जाईल एवढंच राहिलेलं. त्या तुकड्याने मला पुढचे तीन वीकेंड कामाला लावलं. हा लेख त्याचाच.

आधी त्यातून येणाऱ्या पाण्याबद्दल. या पट्ट्यातली गंमत अशी, की इथे रेल्वे आधी आली आणि नळ नंतर. बोरीबंदर ते ठाणे गाडी १६ एप्रिल १८५३ ला धावली हे आपल्याला शाळेपासून पाठ असतं. पुढच्या वर्षी ती कल्याणला पोचली. मुंबईला विहार तलावाचं पाणी नळाने मिळालं ते १८६० मध्ये. मुंबईची तहान वाढत गेली तसे तलाव उत्तरेला सरकत गेले: तुळशी, मग १८९२ साली तानसा. तानसा आपल्या ठाणे जिल्ह्यातलं, शहापूर तालुक्यातलं. त्याचे जाडजूड पाइप ठाण्याच्या अंगावरूनच मुंबईला जातात. ठाण्याचा माणूस तळ्याकाठी, डोंबिवलीचा विहिरीवर, आणि शेजारून दुसऱ्याचं पाणी चाललंय, हे दृश्य आपल्या आजोबा-पणजोबांनी रोज बघितलं.

डोंबिवलीच्या नळाचं पाणी उल्हास नदीचं. आता उल्हास ही कोकणातली नदी, पावसाळ्यात घाबरवणारी आणि उन्हाळ्यात आटायला हवी अशी. मग मे महिन्यात तिच्यात पाणी कुठून? त्याचं एक उत्तर १९२२ सालात आहे. त्या वर्षी टाटांनी मावळात आंध्रा नदीवर ठोकरवाडीचं धरण बांधून पूर्ण केलं. ते पाणी बोगद्यातून आणि पाइपांतून घाटाखाली सोडून भिवपुरीला वीज तयार करायला सुरुवात झाली. वीज बनवून झाली की पाणी कर्जतच्या बाजूने उल्हासमध्ये जातं, आणि खाली बदलापूरला, मोहिलीला उपसलं जातं. आंध्रा नदी मुळात इंद्रायणीला मिळणारी. म्हणजे जे पाणी देहू-आळंदी करत भीमेतून पंढरपूरला जायचं, त्यातलं काही डोंगर फोडून उलट्या दिशेला आलं आणि आमच्या मोरीत उतरलं! १९७२ च्या सुमारास एमआयडीसीचं बारवी धरण आलं, त्याने आणखी भर घातली. कारखान्यांसाठी सुरू झालेल्या योजनांवर नोकरदारांची गावं वाढली. बाबांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "म्हणजे वारी न करता पुण्य." आई म्हणाली, "मग ते असं छतातून कशाला टपकवायचं?"

असो. पाइपाकडे येऊ.

'प्लंबर' हा शब्द लॅटिनमधल्या 'प्लंबम' म्हणजे शिसं यावरून आला. रोमन लोकांचे पाइप शिशाचे होते, म्हणून. शिशाची रासायनिक खूण 'पीबी' तीही तिथलीच. शिसं विषारी, तांबं महाग, साधं लोखंड गंजणारं. यावर तोडगा म्हणजे लोखंडावर जस्ताचा मुलामा. स्तानिस्लास सोरेल नावाच्या फ्रेंच इंजिनिअरने १८३७ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. बेडकाच्या तंगड्यांवर विजेचे प्रयोग करणाऱ्या गॅल्व्हानी साहेबांच्या नावावरून या मुलाम्याला 'गॅल्व्हनाइज्ड' हे नाव पडलं. जीआय म्हणजे गॅल्व्हनाइज्ड आयर्न. आपल्या मराठी बोलण्यात तो 'जीआयचा पाइप' होऊन बसला.

जस्ताचं काम रंगासारखं नुसतं झाकायचं नसतं. लोखंड आणि जस्त एकत्र पाण्यात असले की आधी जस्त झिजतं आणि लोखंडाला वाचवतं. घरातल्या थोरल्याने अंगावर घ्यावं तसं. पण थोरल्याची पुंजी संपते. मुलामा मायक्रॉनमध्ये मोजायचा असतो, पाणी चोवीस तास. त्यातही आपल्याकडे पाणी चोवीस तास नसतंच. ठरावीक वेळेला येतं, जातं, मग रिकाम्या पाइपात हवा भरते. ओलं लोखंड आणि वर ताजी हवा, गंजाला यापेक्षा चांगलं काय हवं?

आणि सगळ्यात कच्ची जागा म्हणजे सांधा. पाइपाला आटे पाडायचे म्हणजे डाय फिरवून त्याची कड कातायची. त्यात वरचं जस्त निघून जातं आणि पाइपाची जाडीही कमी होते. त्या उघड्या आट्यांवर सफेदा लावून सुतळीचे धागे गुंडाळायचे आणि एल्बो आवळायचा, ही जुनी पद्धत. पाणी लागलं की धागा फुगतो आणि सांधा बंद होतो. आता टेफ्लॉनची टेप असते. आमचा सांधा सुतळीचा होता. ती कुजून काळी भुगा झालेली. तरी पन्नास वर्षं टिकली, हे तिला मार्क द्यायला हवेत.

आता त्या 'अर्धा इंच' या नावाबद्दल, कारण तिथे मला खरी मजा वाटली. मी घरी आणून पट्टी लावली. बाहेरून २१ मिलिमीटरच्या थोडा वर, आतून (गंज सोडून) १६ च्या आसपास. अर्धा इंच म्हणजे १२.७. म्हणजे अर्ध्या इंची पाइपात अर्धा इंच कुठेच नाही! ते फक्त नाव आहे. पूर्वी जाड भिंतीचे पाइप असायचे तेव्हा आतलं भोक नावाच्या जवळपास असे. पुढे लोखंड सुधारलं, भिंती पातळ झाल्या, पण बाहेरचं माप बदलता येईना. ते बदललं तर जुन्या पाइपाला नवा जोड बसणार नाही. मग नाव तेच ठेवलं.

आट्यांचंही तसंच. जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रज कारागिराने १८४१ मध्ये सुचवलं की प्रत्येक कारखान्याने आपापले स्क्रू पाडण्यापेक्षा सगळ्यांचे आटे एका मापाचे असावेत, कोन ५५ अंशांचा. आपल्या अर्ध्या इंची नळाला आजही त्याच ५५ अंशांचे, इंचाला १४ आटे असतात. भारताने १९५६ साली मेट्रिक मापांचा कायदा केला. शेर गेले, मण गेले, आणे गेले. कागदावर हा पाइप १५ मिलिमीटरचा झाला. पण तुम्ही आज दुकानात जाऊन 'पंधरा एमएमचा एल्बो द्या' म्हणून बघा. दुकानदार तुमच्याकडे बघेल आणि विचारेल, "म्हणजे अर्धा इंचीच ना?"

आणि उलट दिशेलाही एक शब्द गेला आहे. बाथरूमच्या फरशीत जाळीखाली जो वाटीसारखा भाग असतो, ज्यात पाणी अडून राहिल्यामुळे गटाराचा वास वर येत नाही, त्याला भारतभरचे सिव्हिल इंजिनिअर 'नहाणी ट्रॅप' म्हणतात. पाठ्यपुस्तकांत, टेंडरांत, सगळीकडे. आपली न्हाणी ती! आमचा ओडिया प्लंबरही तेच म्हणत होता. त्याला त्या शब्दाचा अर्थ सांगितला तेव्हा खूष झाला.

पण हे सगळं वाचताना डोक्यात एक प्रश्न सारखा येत होता. जीआय पाइप काही वर्षांनी गंजणार हे बांधणाऱ्यांना माहीत होतंच. मग त्यांनी तो भिंतीत का गाडला? आणि गाडला तर कुठून गेला हे लिहून का ठेवलं नाही?

याचं उत्तर पाइपापेक्षा घरांच्या इतिहासात सापडतं असं मला वाटतं.

माझे आजोबा गिरगावात चाळीत राहत. तिथे नळ गॅलरीच्या टोकाला, सगळ्यांचा मिळून. पाइप भिंतीवरून उघडा गेलेला. गळायला लागला की मजल्यावरच्या सगळ्यांना दिसायचं, पहाटे रांगेत उभ्या असलेल्या सगळ्यांना त्याचा त्रास व्हायचा, आणि भांडणं करत का होईना सगळे मिळून मालकाच्या मागे लागायचे. मग १९६० साली सहकारी संस्थांचा कायदा झाला, १९६३ मध्ये मालकी फ्लॅटचा. गिरगाव-दादरच्या दोन खोल्यांतून मुलं-सुना मावेनाशा झालेली नोकरदार माणसं कर्ज काढून डोंबिवलीला, ठाण्याला ब्लॉक घ्यायला लागली. आमची इमारत १९७४ ची. बाबा सांगतात, ब्लॉक बघायला आले तेव्हा आजीने एकच गोष्ट विचारली, "संडास-मोरी आत आहे ना?"

ती आत होती. सगळ्या इमारतीला टाकी एक, पण नळ ज्याचा त्याच्या घरात. या एका सोयीसाठी लोकांनी लोकलची लटकंती पत्करली, आणि माझ्या आजीसाठी ती सोय खरोखर मोठी होती. पहाटे साडेतीनला उठून रांग लावणं संपलं. त्याच वेळी पाइप भिंतीत गेला. उघडा पाइप म्हणजे चाळ, लपवलेला पाइप म्हणजे ब्लॉक, असा तो मामला होता. चाळीत नळ सगळ्यांचा होता आणि गळती सगळ्यांना दिसत होती. ब्लॉकमध्ये नळ माझा झाला, गळती मात्र शेजाऱ्याच्या छताला दिसायला लागली. ज्याचा पाइप त्याला कळत नाही, ज्याला कळतं त्याचा पाइप नाही. निम्म्या सोसायट्यांमधली भांडणं या एका ओळीत बसतील.

सोसायटीच्या आदर्श उपविधींमध्ये यावर उत्तर आहे: बाहेरच्या पाइपांची गळती सोसायटीने बघायची, संडास-बाथरूम-सिंकच्या आतल्या गळतीचा खर्च ज्याचा त्याने करायचा. वाचायला सोपं. पण आमच्यासारखं एकाच्या भिंतीतून दुसऱ्याचा पाइप गेला की 'आत' कुणाचं आणि 'बाहेर' कुणाचं? आमच्या मागच्या वर्षीच्या सगळ्या पत्रव्यवहारात दोन्ही बाजूंनी याच उपविधीचा आधार घेतला होता!

भाड्याच्या इमारतींमध्ये तर हा गुंता आणखी जुना. मुंबई भाडे नियंत्रण कायदा १९४७ चा. महायुद्धानंतर जागांची टंचाई, मालक मनाला येईल ते भाडं मागतायत, म्हणून भाडी गोठवली. सप्टेंबर १९४० ला जे भाडं तेच 'प्रमाणित भाडं', नंतरच्या जागांना पहिल्यांदा दिलं ते. हेतू चांगला होता. कायदा तात्पुरता होता. पण मुदत वाढत गेली ती पन्नास वर्षं. पगार वाढले, सिमेंट वाढलं, पाइप वाढले, भाडं मात्र तिथेच. दुरुस्तीची जबाबदारी मालकाची, पण महिन्याला पंचवीस-तीस रुपये भाडं येणारा मालक नवी लाइन कशातून टाकणार? आणि भाडेकरू म्हणणार, घर माझं नाही, मी का खर्च करू? मालकाने केलं नाही तर भाडेकरूने दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करायची सोय होती, पण तीही भाड्याच्या एका अंशापुरतीच. गोठलेल्या भाड्याच्या अंशात एक वायसर आला तरी पुष्कळ.

डिसेंबर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की भाडी अशी गोठवून ठेवणं आता न्याय्य राहिलेलं नाही. मग ३१ मार्च २००० पासून नवा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा लागू झाला आणि भाडं वर्षाला चार टक्के वाढवायला परवानगी मिळाली. पण चार टक्के कशाच्या? गोठलेल्या भाड्याच्या. मुंबई शहराला निदान एक गोष्ट मिळाली होती. १९६९ च्या कायद्याने तिथे दुरुस्ती मंडळ आलं, जे आता म्हाडाकडे आहे. इमारतींकडून उपकर घ्यायचा आणि त्यातून जुन्या इमारती दुरुस्त करायच्या. त्याच्याबद्दल तक्रारी भरपूर असतील, पण मंडळ आहे. त्याची हद्द मात्र मूळ शहरापुरती, म्हणजे सायन-माहीमला संपते. नौपाड्यातल्या किंवा डोंबिवलीतल्या तेवढ्याच जुन्या, तेवढ्याच गळक्या पागडीच्या इमारतीला तसं मंडळ नाही.

हे सगळं 'थोडीशी ओल' म्हणून सोडून देण्यासारखं नाही. छतातलं आरसीसी म्हणजे काँक्रीट आणि आत लोखंडी सळया. चांगल्या काँक्रीटमध्ये सळई सुरक्षित असते. पण वर्षानुवर्षं पाणी मुरत राहिलं की तीही गंजते, आणि गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा घेतो. पाइपात तो आतल्या बाजूला वाढतो आणि नळाची धार बारीक करतो. स्लॅबमध्ये त्याला जागाच नसते, म्हणून तो काँक्रीट फोडून बाहेर येतो. आधी बारीक भेग, मग पोपडा, मग तांबड्या सळया दिसायला लागतात. माझ्या हातातला पाइप आणि माझ्या डोक्यावरचा स्लॅब, दोन्हीकडे चाललेली रासायनिक क्रिया एकच.

२८ जुलै २०१५ च्या रात्री ठाकुर्लीत 'मातृकृपा' इमारत कोसळली. बरोबर एका आठवड्याने, ४ ऑगस्टला पहाटे, ठाण्यात नौपाड्याच्या बी केबिनजवळ 'कृष्णा निवास' कोसळली. दोन्ही जुन्या इमारती, दोन्ही भर पावसात, दोन्हीकडे झोपेतली माणसं गेली. त्या आठवड्यात ठाणे-डोंबिवलीत किती घरांत लोक रात्री छताकडे बघत पडले असतील, सांगता येत नाही. आमच्याकडे बाबा पडले होते. तीस वर्षांवरच्या इमारतींचं स्ट्रक्चरल ऑडिट करून घ्यावं लागतं, महापालिका धोकादायक इमारतींची यादी काढते, सी-वन म्हणजे ताबडतोब रिकामी करायची, त्याखाली बाकीच्या श्रेण्या. दरवर्षी मे महिन्यात पेपरात ती यादी आली की आई आधी आपलं नाव नाही ना ते बघते, आणि मग ओळखीच्यांची बघते.

म्हणून छताचा डाग वाढत असताना आम्ही वर्षभर 'चूक कुणाची' यावर पत्रं लिहीत बसलो, याची मला आता सगळ्यात जास्त लाज वाटते. चूक कुणाचीही असो, पाणी स्लॅबमध्येच मुरत होतं. आणि तो स्लॅब दोघांचा आहे. काकूंची जमीन, आमचं छत.

तर आम्ही काय केलं ते सांगून संपवतो, कुणाला उपयोग होईल म्हणून.

जुनी लाइन तुकडे जोडत दुरुस्त करायची नाही असं ठरलं. प्लंबरचंच म्हणणं. जुन्या जीआयमध्ये एका सांध्याला पाना लावला की धक्क्याने पुढचा सांधा सुटतो. शिवाय व्यास अर्धा झाला की पाणी अर्धं येत नाही, साधारण सहाव्या हिश्श्यावर येतं, आतून खरबरीत असेल तर त्याहूनही कमी. (आईची 'नळाला जोर नाही' ही दहा वर्षांची तक्रार आम्ही टाकीवर ढकलत होतो!) जुनी लाइन वरून आणि खालून बूच मारून बंद केली आणि टाकीपासून आमच्या घरापर्यंत नवी सीपीव्हीसीची लाइन इमारतीच्या मागच्या बाजूने, भिंतीच्या बाहेरून आणली. उघडी. चाळीसारखी. सीपीव्हीसीला आटे नसतात, सोल्युशन लावून चिकटवायचं. पण नळ जिथे बसतो तिथे पितळी आट्यांचा जोड लागतोच, आणि ते आटे व्हिटवर्थ साहेबांचेच. दीडशेहून जास्त वर्षं चाललेली बॅकवर्ड कंपॅटिबिलिटी. आमचं सॉफ्टवेअर तीन वर्षांत जुनं होतं.

दुसरं म्हणजे मी एक नकाशा काढला. हाताने, कागदावर. कुठल्या टाकीतून कुठला पाइप कुठून कुठे जातो, वॉल कुठे, बंद केलेली लाइन कुठल्या भिंतीत आहे. इमारतीतल्या सगळ्या लाइनी त्याच नीळ-आणि-वॉलच्या पद्धतीने शोधायला दोन रविवार गेले. त्यात आणखी दोन घरांचे पाइप एकमेकांच्या भिंतीतून गेलेले सापडले. एक प्रत सोसायटीच्या फायलीत, एक मीटरच्या खोलीत लावली. स्लॅबचा पोपडा ठोकून काढला, सळई साफ करून इंजिनिअरच्या देखरेखीखाली भरून घेतली. आणि सोसायटीच्या सभेत ऑडिटचा विषय, जो तीन वर्षं 'पुढच्या सभेत' होता, तो या सभेत मंजूर झाला.

खर्च आम्ही दिला. काकूंच्या भिंतीचाही. त्याआधी बाबा वर गेले होते. मला वाटलं होतं काहीतरी प्रस्तावना करतील, पण दारातच म्हणाले, "चूक आमची होती. पाइप आमचाच निघाला." काकू म्हणाल्या, "ते मला तुमच्या प्लंबरने कधीच सांगितलं. तुम्ही सांगायला किती दिवस लावता ते बघत होते." मग चहा झाला. पण पत्रांबद्दल त्या काही बोलल्या नाहीत आणि बाबांनीही विषय काढला नाही.

त्यांच्या बाथरूमला ७४ सालच्या सहा बाय सहाच्या पांढऱ्या टाइल्स आहेत. फोडलेल्या जागी तशाच मिळाव्यात म्हणून मी डोंबिवली, कल्याण, ठाणे, सगळीकडे फिरलो. आता तो पांढरा मिळत नाही. जवळचा मिळाला तो बसवला. दोन ओळी बाकीच्यांपेक्षा जरा जास्तच पांढऱ्या दिसतात.

पाइपचा तुकडा अजून माझ्या टेबलावर आहे. भंगारवाला बाकीचा घेऊन गेला, वजनावर. म्हणाला, "साहेब, गंजाचं वजन धरत नाही हं."